मिरचीच्या बेडवर घेवडा टोकावा का? (खोडवा मोडलेलं काळं रान, ता. मिरज)

रान_मिरज

नमस्कार मंडळी. एक एकर काळं भारी रान, कृष्णेच्या काठापासून फार लांब नाही. उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) फेब्रुवारीत तुटला, नांगरून रान तापत ठेवलंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिरव्या मिरचीची लागण करायची आहे. पाच फुटी बेड, बेडवर मिरचीची एकच ओळ, रोपांत सव्वा फूट अंतर, एक लॅटरल (ठिबकची नळी). मल्चिंगचं (बेडवर प्लास्टिक कागद टाकायचं) अजून ठरलेलं नाही.

माती तपासणीचा कागद: सामू (पीएच) ८.२, ईसी (क्षारांचं माप) ०.९, चुनखडी ११ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के.

मिरचीचे पैसे सुरू होईपर्यंत खर्च भागावा म्हणून बेडच्या दोन्ही कडांना घेवडा टोकायचा विचार आहे. विचारायचं असं:
दोन्ही कडांना चालेल का एकाच? मिरचीच्या आधी टोकायचा की नंतर? दुकानदार म्हणतो घेवडा नत्र देतो, युरिया ३० टक्के कमी करा. हे खरं का? आणि मिरचीची औषधं मारताना शेंगांचं काय करायचं?

भाजीवाला_कोरेगाव

दोन्ही कडा नकोत. हिशेब करून बघा. पाच फुटी बेडला एकरी ८,७१२ फूट ओळ मिळते. दोन्ही कडा धरल्या तर १७,४२४ फूट. अर्ध्या फुटावर दोन-दोन दाणे टोकले तर ७० हजारांच्या आसपास दाणे, म्हणजे २४-२५ किलो बी. हे जवळपास घेवड्याचं आख्खं पीक झालं आणि तुमची ६,९७० मिरचीची रोपं त्यात पाहुणी. मिरचीचं रोप पहिले चार आठवडे हळू चालतं, घेवडा आठव्या दिवशी वर येऊन तिसऱ्या आठवड्यात पसरायला लागतो. सावलीत मिरची उंच जाते, फांद्या कमी फुटतात, आणि तो फटका पुढं प्रत्येक तोड्याला दिसतो.

एकच ओळ घ्या, मिरचीपासून एक फूट लांब. ती प्रत्येक बेडच्या एकाच बाजूला नको. पहिल्या बेडच्या उजव्या कडेला, दुसऱ्याच्या डाव्या कडेला, तिसऱ्याच्या परत उजव्या कडेला अशी टोका. मग एक सरी शेंगांची आणि शेजारची सरी मोकळी, असं आलटूनपालटून येतं. मोकळ्या सरीतून पंप घेऊन चालता येतं, मिरची बांधता येते, बायकांना क्रेट ठेवायला जागा राहते. सगळ्या सऱ्या भरल्या की भांगलणीलाच निम्मी रोपं मोडतात.

वेळेचं म्हणाल तर लागणीच्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस पुढंमागं. उशिरा टोकू नका. लागणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी टोकलेला घेवडा ऐन शेंगांवर येतो तेव्हा मिरचीनं बेड झाकलेला असतो. ना धड घेवडा, ना धड मिरची. बरोबर टोकला तर पन्नाशीत पहिला तोडा आणि सत्तरीच्या आत रान मोकळं.

जात झुडपी हवी: काँटेंडर, अर्का कोमल, फुले सुयश. दुकानात "घेवडा द्या" म्हणून वेलाचं बी घरी आणू नका, ते मिरचीच्या काठीवरच चढतं.

मातीचा_माणूस

वरचं सगळं अंतर-वेळेचं बरोबर आहे. पण हे रान घेवड्याचं आहे का, ते आधी बघू.

खारवटपणा सोसण्यात घेवडा अगदी तळाला येतो. सॅच्युरेशन अर्कातली (माती जेमतेम भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यातली) ईसी १.० डेसीसायमनच्या वर गेली की घेवड्याचं उत्पन्न घसरायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १९ टक्के जातं. मिरचीची मर्यादा १.५, पुढं एककाला १४ टक्के. चवळीची मर्यादा ४.९. आता तुमच्या कागदावर ०.९ आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्याकडच्या प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी धरून ईसी काढतात. सॅच्युरेशन अर्कात पाणी पुष्कळ कमी असतं, त्यामुळं तोच आकडा भारी मातीत दोनच्या पुढं धरावा लागेल. म्हणजे घेवडा पाचवा हिस्सा आधीच गमावून बसलाय, मिरचीलाही थोडा चटका आहे, आणि चवळीला काही फरक पडत नाही. त्यात जुलैचा पाऊस. काळ्या रानात दोन दिवस पाणी थांबलं की घेवड्याची मुळं कुजतात.

११ टक्के चुनखडीत घेवडा पिवळाही पडतो. वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता, तिला युरिया देऊन उपयोग नाही. हिराकस (फेरस सल्फेट) ०.५ टक्के, म्हणजे १० लिटरला ५० ग्रॅम, त्यात २५ ग्रॅम चुन्याची निवळी, आठ-दहा दिवसांनी दोनदा फवारायचं. किंवा सरळ लोहाचं ईडीडीएचए चिलेट ठिबकमधून सोडायचं. ईडीटीए चिलेट इतक्या सामूला टिकत नाही, ते स्वस्त दिसलं तरी जमिनीतून देऊ नका.

आता दुकानदाराच्या नत्राबद्दल. कडधान्यांमध्ये नत्र बांधण्यात घेवडा सगळ्यात कच्चा. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी कमी येतात आणि उशिरा येतात, म्हणून तर राजम्याला इतर कडधान्यांपेक्षा जास्त नत्राची शिफारस असते. तो तुमच्या मिरचीला देणार नाही, उलट तिच्याच ताटातलं खाईल. चवळी स्वतःपुरतं नत्र बरंचसं बांधते, पण तेही ती उभी असताना शेजारणीला वाटत नाही. गाठी, मुळं आणि पाला कुजल्यावरच ते मातीत येतं.

शिवाय तुमचं रान खोडव्याचं. पाचट आणि बुडखे कुजवणारे जिवाणू पहिले काही आठवडे मातीतलंच नत्र ओढून घेतात. अशा रानात सुरुवातीचा युरिया तोडणं म्हणजे रोपं पिवळी करून घेणं. बागायती मिरचीची शिफारस हेक्टरी १००:५०:५० (नत्र, स्फुरद, पालाश किलोत) आहे, एकरी ४०:२०:२०. युरियात धरलं तर ८७ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो. पालाश पोटॅशच्या क्लोराइडमधून न देता सल्फेटमधून द्या, ४० किलो. खारवट रानात क्लोराइड कशाला वाढवायचं? निम्मा युरिया बेसलला (लागणीच्या वेळी), उरलेल्याचे ३०, ६० आणि ९० दिवसांनी तीन हप्ते. ठिबकमधून देत असाल तर त्याचेच आणखी बारीक तुकडे करा. काटछाट करायचीच असेल तर चवळी कापून पाला मातीत गेल्यावर, ९० दिवसांच्या हप्त्यात निम्मी. तीही पानं गर्द हिरवी असतील तरच.

रान_मिरज

मग घेवड्याऐवजी चवळी धरतो. बियाणं किती, कोणतं, बीजप्रक्रिया कशी? आणि घरच्यांचं म्हणणं आहे की चवळीला कोण विचारतो, सोयाबीनच टाका मध्ये.

भाजीवाला_कोरेगाव

सोयाबीन नको. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातलं फुले संगम (केडीएस ७२६) घेतलंत तर ते १००-१०५ दिवसांचं आणि उंच. मिरचीचे पहिले चार-पाच तोडे त्याच्या सावलीत जातील, आणि काढणीला मिरचीत पाय ठेवायला जागा नसेल. सोयाबीन शेजारच्या रानात सुखात राहू दे.

चवळी: पुसा कोमल किंवा अर्का समृद्धी, दोन्ही झुडपी. एका जागी दोन दाणे, एक फुटावर. ८,७१२ जागा, साडेसतरा हजार दाणे, जेमतेम दोन किलो बी. सांधणीसाठी अर्धा किलो जास्त आणा. वर आल्यावर एका जागी एकच रोप ठेवा. भारी रानात दोन ठेवली की झुडूप पसरून मिरचीवर लोळतं.

बीजप्रक्रियेचा क्रम महत्त्वाचा. आधी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) १० किलोला २५० ग्रॅम या मापानं, म्हणजे अडीच किलोला ६०-६५ ग्रॅम. गुळाचं पाणी थंड करून त्यात कालवा, बियाला हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका. पाकीट चवळी गटाचं आहे का ते बघून घ्या (मूग, उडीद, भुईमूग हे त्याच गटातले). सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम चवळीला लावू नका. आणि लाल-निळं औषध लावलेलं बी असेल तर त्यावर रायझोबियम चोळून फार हाताला लागत नाही, त्यातले बरेच जिवाणू बुरशीनाशकानं मरतात.

तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी एक झुडूप कुदळीनं मातीसकट उचला. गाठ नखानं चिरली की आत गुलाबी-लाल दिसली तर ती कामाची. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती शोभेची.

मातीचा_माणूस

तेच झुडूप हातात आहे तोवर आणखी एक बघा. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही. तशा गाठी दिसल्या तर ते झुडूप मुळासकट उपटून रानाबाहेर काढा. एरवी चवळी उपटायची नाही, विळ्यानं जमिनीलगत कापायची. उपटताना एक फुटावरची मिरचीची पांढरी मुळं तुटतात आणि आठवडाभर फुलगळ होते.

वाळवा_ठिबक

खोडव्याचं रान म्हणालात, तर उसात शेवटचं तणनाशक कोणतं आणि कधी मारलं होतं?

रान_मिरज

खोडव्याला सुरुवातीला अ‍ॅट्राझिन, नंतर एकदा टू-फोर-डी. वर्ष झालं असेल.

वाळवा_ठिबक

वर्षभरात बरंचसं गेलेलं असतं, पण सामू आठच्या वर असेल तर अ‍ॅट्राझिन जमिनीत जास्त रेंगाळतं. घेवडा-चवळी त्याला लगेच बळी पडतात, मिरचीही सुटत नाही. खर्च न करता तपासा. रानातल्या चार-पाच ठिकाणची वरची अर्धा फूट माती एकत्र करून दोन डब्यांत भरा. दोन डबे बांधावरच्या किंवा परड्यातल्या, औषध न पडलेल्या मातीचे. डब्यांना खाली भोकं पाडा. चारही डब्यांत चवळी आणि काकडीचे पाच-पाच दाणे टाका, उन्हात ठेवा. उगवण दोन्हीकडं सारखीच दिसेल, त्यावर जाऊ नका. पंधरा ते वीस दिवसांत जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या आणि ते फक्त रानातल्या मातीत दिसलं तर औषध शिल्लक आहे. मग भरपूर शेणखत टाका, एक पाणी देऊन रान आणखी मोकळं ठेवा, नाहीतर या हंगामात मका घ्या. मक्याला अ‍ॅट्राझिन बाधत नाही.

दुसरं, शेजाऱ्याचा ऊस. टू-फोर-डीचा वारा मिरचीवर आला की नवी पानं अरुंद, दोरीसारखी, पिळवटलेली निघतात. लोक बोकड्या (पानं आक्रसण्याचा रोग, चुरडामुरडा) समजून फुलकिड्यांची महागडी औषधं मारत बसतात. फरक असा: तणनाशकाचा वारा लागला तर उसाच्या बाजूच्या सगळ्या ओळी एकदमच वाकड्या होतात आणि मध्ये असलेली चवळीही त्याच दिवशी पिळवटते. विषाणू असेल तर झाडं तुटक-तुटक दिसतात, आज इथं चार, उद्या तिथं दोन. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, आणि उसाला वापरलेला पंप मिरचीला लावू नका. धुतलेला पंपही नको.

मधल्या ओळीतल्या तणाला सोयाबीनचं इमॅझेथापायर मारू नका, चवळी वाचेल आणि मिरची जाईल. गवतच असेल तर क्विझालोफॉप दोन्ही पिकांना चालतं. रुंद पानांच्या तणाला खुरपं.

तासगाव_मळा

माझं मत थोडं उलटं. फुलकिडे आणि पांढरी माशी यांनी मिरचीचा जीव काढलेला असताना बेडवर दुसरं यजमान पीक कशाला बसवायचं? चवळीच्या शेंड्यावर काळा मावा हमखास येतो आणि तोच मावा मिरचीत काकडीवर्गीय मोझॅक विषाणू नेतो. हा विषाणू काही सेकंदांत सोंडेतून जातो, मावा औषधानं मरेपर्यंत काम झालेलं असतं. मूग-उडीद तर नकोतच, कारण फुलकिड्यांनी पसरणारा शेंडेमर विषाणू भुईमूग, मूग, चवळी, टोमॅटो, मिरची या सगळ्यांत फिरतो. माझ्या मते चवळी बांधालगत, मिरची मध्ये स्वच्छ.

भाजीवाला_कोरेगाव

दादा, धोका खरा आहे, पण बांधालगत नेऊन तो जात नाही. मावा उडून येतो तो कडेनंच येतो. मग सगळ्यात बाहेर मक्याच्या दोन दाट ओळी लावा, त्याही मिरचीच्या पंधरा-वीस दिवस आधी पेरलेल्या, म्हणजे लागणीच्या वेळी गुडघ्याएवढ्या असतील. बाहेरून येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, तिथं तोंड मारताना सोंडेतला विषाणू तिथंच संपतो. मक्याला हा विषाणू त्रास देत नाही. चवळीवर मावा दिसला की औषधाआधी शेंडे खुडून पिशवीत भरा. पहिल्या दोन आठवड्यांत रोज अर्धा तास जातो, पण झुडूप आटोपशीर राहतं आणि बाजूनं फुटवे येतात. थोडा मावा राहिला तर ढालकिडे जमतात, ते पुढं मिरचीवर उतरतात.

तरी एक मान्य: शेजारी आधीच चुरडामुरडा पडलेली मिरची उभी असेल तर तुमचं बरोबर, मध्ये काहीच घेऊ नये.

तासगाव_मळा

मक्याचं पटलं. मग फवारणीचं मी सांगतो, कारण तो प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही आणि खरी अडचण तिथंच आहे.

लागणीपासूनचे दिवस तीन तुकड्यांत धरा. पहिले ३५-४० दिवस चवळीला फूल नाही, शेंग नाही. मिरचीसाठी लेबलवर असलेलं औषध या काळात मारता येतं, आणि फुलकिडे याच काळात दाबायचे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून आठवड्यातून दोनदा बघा. कड वर वळलेली, होडीसारखी पानं म्हणजे फुलकिडे. कड खाली वळलेली, देठ लांबलेली पानं म्हणजे पिवळा कोळी. कोळ्याला कीटकनाशक नको, कोळीनाशक किंवा पाण्यात विरघळणारं गंधक. तेही कडक उन्हात नको.

चाळीस ते सत्तर हा चिकट काळ. चवळीचा तोडा दर तीन-चार दिवसांनी, आणि मिरचीच्या बहुतेक औषधांना तोडणीपूर्वी त्याहून जास्त दिवस थांबावं लागतं. शिवाय मिरचीसाठी मंजूर असलेलं औषध चवळीसाठी मंजूर असतंच असं नाही. एक फूट अंतरावर "फक्त मिरचीवर मारलं" हे म्हणण्यापुरतंच. म्हणून या काळात निंबोळी अर्क, अ‍ॅझाडिरॅक्टिन, निळे-पिवळे चिकट सापळे आणि व्हर्टिसिलियम (किडींना मारणारी बुरशी) एवढ्यावर भागवायचं. भागलं नाही आणि रासायनिक मारावंच लागलं तर त्या दिवसापासून चवळीचा तोडा बंद, झुडपं कापून टाका. शेंगांचे चार पैसे वाचवायला मिरची घालवू नका, आणि औषध मारलेल्या शेंगा बाजारातही नेऊ नका. सत्तरीनंतर चवळी नाहीच, मग मिरचीचं नेहमीचं वेळापत्रक.

चवळीची फुलं सकाळी उघडून दुपारपर्यंत मिटतात. मधमाशा सकाळीच असतात. त्यामुळं जे काही मारायचं ते संध्याकाळी.

रान_मिरज

सगळ्यांचे आभार. डबे आजच भरतो. शेवटचं एक: मल्चिंग कागद टाकला तर चवळी जमेल का? आणि कापलेला पाला कुठं टाकायचा, कागदावरच का?

मातीचा_माणूस

जमेल. चवळीसाठी वेगळी भोकं, दोन इंचापेक्षा मोठी. लहान भोकात कोंब कागदाखाली वाकडा जातो आणि शिजतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ओळीनं फिरून अडकलेले कोंब बोटानं बाहेर काढावे लागतात. एक लॅटरल मिरचीच्या ओळीत असेल तर काळ्या रानात फूटभर ओल जाते, चवळीसाठी दुसरी नळी नको.

पाला कागदावर टाकू नका. तिथं तो नुसता वाळतो, नत्र हवेत जातं आणि ओला असेल तर मिरचीच्या बुडाशी पांढरी बुरशी वाढते, मोहरीएवढ्या तांबूस दाण्यांची. तीच बुरशी चवळीलाही असते. चवळी कापताना बुडाशी असे पांढरे धागे दिसले तर ते झुडूप रानाबाहेर, पाल्यात मिसळू नका. बाकीचा पाला बारीक तोडून मोकळ्या नसलेल्या, म्हणजे शेंगांच्या सरीत पसरा, वरून ट्रायकोडर्मा घातलेलं शेणखत टाका. पण स्पष्ट सांगतो, कागदाखालच्या मिरचीला त्यातलं या हंगामात फारच थोडं मिळेल, ते पुढच्या पिकाचं. म्हणजे मल्चिंग टाकलंत तर ९० दिवसांच्या हप्त्यातली काटछाट पण विसरा.

वाळवा_ठिबक

पाला जनावरांना घालायचा विचार असेल तर शेवटच्या फवारणीची तारीख बघून घाला. आणि कागद टाकायच्या आधी बेड फोडून हुमणी (मुळं खाणारी अळी) वेचा. खोडव्याच्या रानात ती असतेच, कागद टाकल्यावर मिरचीची रोपं माना टाकायला लागेपर्यंत ती दिसत नाही.